फोटो 50 केबीत बसवा, तोही आपल्याच फोनवर

शेंदूरजनाघाटहून बोलतोय. हा आपल्या भागाचा लेखी अवतार. कमांडचे उच्चार इथे मराठीत दिलेत, टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच करायचे.

बँकेच्या जागा निघाल्या की आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो लागतो 20 ते 50 केबीचा, सही 10 ते 20 केबीची. आपला कॅमेरा काढतो तीन-चार एमबीचा फोटो. मग पोट्टे काय करतात? सर्च करून जी पहिली वेबसाइट दिसली तिच्यावर फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा चढवून देतात. काम फुकटात होतं, हे खरं. पण तुमची सही आता कोणाच्या सर्व्हरवर पडून आहे आणि ती पुसली की नाही, हे तुम्हाला कोण सांगणार?

म्हणून आज कमांड लाइन. हे काही हॅकरचं काम नाही बाप्पा! बटण दाबण्याऐवजी कॉम्प्युटरला लिहून काम सांगायचं, एवढंच. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. फोन रूट करावा लागत नाही.

आधी 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' लिहून फाइल बघायची परवानगी द्या. मग 'पीकेजी इन्स्टॉल इमेजमॅजिक'. हे टूल 1990 पासून लोकांच्या वापरात आहे. एकदा उतरवलं की फोटो छोटा करायला नेटसुद्धा लागत नाही, म्हणजे फाइल फोनबाहेर जातच नाही.

'सीडी स्टोरेज/डाउनलोड्स' लिहून फोल्डरमध्ये शिरा. आता कमांड: 'मॅजिक', फोटोचं नाव, 'हायफन रिसाइझ 200 एक्स 230', 'हायफन डिफाइन जेपेग कोलन एक्स्टेन्ट इक्वल टू 45 केबी', आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. प्रत्येक भागामध्ये स्पेस, पण हायफन आणि पुढच्या शब्दामध्ये नाही. 'जेपेग'पासून '45 केबी'पर्यंतही सगळं जोडूनच, आणि तिथलं केबी मोठ्या अक्षरांत. ओळीची रचना बघा: कोणतं टूल, कोणती फाइल, काय करायचं, कुठे ठेवायचं. बहुतेक कमांड थोड्याफार फरकाने अशाच असतात. नंतर 'एलएस हायफन एलएच' लिहिलं की प्रत्येक फाइलची साइझ दिसते. फोटो 20 ते 50 च्या मध्ये आहे ना, ते बघून घ्या.

खरी मजा पुढे आहे. आपल्या गावच्या नर्सरीत संत्र्याचा डोळा बांधणारा माणूस प्रत्येक खुंटावर तेच करतो: काप, डोळा, पट्टी. रीत एकच, कलमा हजारो. कमांडचंही तसंच. 'एमकेडीआयआर छोटे' लिहून नवं फोल्डर करा. मग 'मॅजिक मॉग्रिफाय हायफन पाथ छोटे हायफन रिसाइझ 800 एक्स 800' आणि शेवटी 'स्टार डॉट जेपीजी'. फोल्डरमधले दोनशे फोटो एका ओळीत छोटे! 'हायफन पाथ' मात्र विसरू नका. ते नसलं तर मूळ फोटोच बदलतात.

आणखी दोन टूल. 'क्यूपीडीएफ' मार्कशीट आणि दाखल्यांच्या वेगवेगळ्या पीडीएफ एकत्र जोडतं. 'एफएफएमपेग' लेक्चरच्या व्हिडिओतून फक्त आवाज काढतं. फाइल बरीच हलकी होते, मग कामं करता करता ऐकत बसा. फॅब्रिस बेलार्ड यांनी ते 2000 साली सुरू केलं. दोन्ही मोफत आणि दोन्ही 'पीकेजी इन्स्टॉल'नेच येतात.

आता सावधगिरी. 'आरएम' म्हणजे डिलीट, आणि इथे रिसायकल बिन नसतो. गेलं ते गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कमांड अर्थ कळल्याशिवाय चिकटवू नका. टूलच्या नावापुढे स्पेस देऊन 'हायफन हायफन हेल्प' लिहिलं की बहुतेक टूल स्वतःच माहिती देतात.

फॉर्म भरताना शेवटी तो पोर्टलवर चढवावाच लागतो, मान्य. पण तो तिथेच गेला पाहिजे, रस्त्यात अनोळखी दारात थांबून नाही. आज एकाच फोटोवर करून बघा. हात बसला की बाकीचं आपोआप येतं. भेटू पुढच्या भागात!