'रक्त कमी आहे' म्हणजे काय?

'रक्त कमी आहे' हे वाक्य आपल्याकडे इतके सरसकट उच्चारले जाते, की ते ऐकून कोणी दचकत नाही. बाईविषयी असेल तर नाहीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक जणींना जे आहे त्याला आजार तरी कसे म्हणायचे, असाच सगळा कारभार! लोहाच्या गोळ्या घ्या, गूळ-शेंगदाणे खा, की संपले. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र एवढ्यावर संपवून चालत नाही.

तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. संसर्ग दीर्घकाळ ठाण मांडून बसला, की शरीर लोह आपल्या साठ्यातच कोंडून ठेवते. कोठारात धान्य असून चूल थंड, अशातला प्रकार. नुसत्या लोहाच्या गोळ्या तिथे हात टेकतात. कधी मगजातच क्षयरोग शिरलेला असतो.

आणि कधी कारण औषध हेच असते. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले झिडोव्ह्युडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध. मान्यतेआधीच्या चाचणीत ते दर चार तासांनी २५० मिलिग्रॅम देत. त्यातल्या २४ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली उतरले होते. पुढे मात्रा बरीच कमी झाली, पण मगजावरचा दाब राहिलाच.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे देणे सुरू केले. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. तीन औषधांतले एक झिडोव्ह्युडिन किंवा स्टॅव्ह्युडिन असे. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर स्टॅव्ह्युडिन. नियम वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक होता. पण घरात सर्वांच्या मागून जेवणारी, आधीच पांढरीफटक पडलेली बाई या नियमाने कुठे पोचली? स्टॅव्ह्युडिनने तळपाय बधिर होत, त्यांची आग होई, गाल बसत. रोग घरात लपवता येई. बसलेले गाल गावात कसे लपवायचे? जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध मागे घेण्याचा सल्ला दिला तो २००९ साली.

आज टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची मिळून दिवसाला एकच गोळी असते, आणि ती मगजाला तशी दाबत नाही. ही मोठीच सुटका. तरी पर्यायी उपचारांत झिडोव्ह्युडिन अजून आहे, क्षयरोग तर आहेच. म्हणून जिना चढताना धाप लागली, तर 'अशक्तपणा असायचाच' असे म्हणून घरी बसू नये. औषध कधी बदलले, खोकला किंवा संध्याकाळचा ताप आहे का, वजन उतरले का, हे सारे डॉक्टरांना सांगावे. झिडोव्ह्युडिन सुरू झाले असेल तर पहिले तीन महिने रक्ततपासणीची एकही तारीख चुकवू नये. हिमोग्लोबिन घसरले तर औषध बदलता येते. आपल्या मनाने गोळ्या मात्र थांबवू नयेत.