उन्हाळी लागली म्हणून गप्प बसू नका

लघवीला आग होते, थेंब थेंब होते, आत्ता जाऊन आलं तरी परत जावंसं वाटतं. आपल्याकडे म्हणतात, 'उन्हाळी लागली.' मग सब्जा भिजवायचा, धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. बैठकीत आम्ही हा विषय काढला की आधी सगळ्या खाली बघतात. एकीने तोंड उघडलं की मग दहाजणी बोलतात. म्हणून आज हेच बोलू.

पाठीत बरगड्यांखाली मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. त्या रक्त गाळून नको असलेलं लघवीतून बाहेर टाकतात. लघवी मूत्राशयात साठते आणि एका नळीने बाहेर येते. ही नळी पुरुषांची साधारण २० सेंटिमीटर, बायकांची जेमतेम ४. शिवाय तिचं तोंड शौचाच्या जागेजवळ. आतड्यातले जंतू तिथून सहज वर चढतात. आग होते ती बहुतेक वेळा या जंतूंमुळे, नुसत्या उष्णतेमुळे नाही.

लघवीबरोबर जंतू धुऊन निघतात. पण बाजाराला किंवा शेतात जायचं असलं की आपण सकाळपासून पाणीच पीत नाही आणि आडोसा मिळेपर्यंत धरून ठेवतो. जंतूंना तेवढीच सवड मिळते. पाणी कमी पडलं की मुतखड्याचंही भय वाढतं.

आग होत असेल तर आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर सगळ्या संपवा. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. सब्जाचं पाणी प्या, पण ते औषध नव्हे. वारंवार त्रास होत असेल तर रक्तातली साखरही तपासा.

थंडी वाजून ताप आला, पाठीत एका बाजूला दुखलं, उलट्या झाल्या, तर जंतू किडनीपर्यंत गेले असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतून रक्त गेलं तरी थांबू नका. गरोदर बाईला आग न होताही जंतू असू शकतात आणि त्याने दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून तपासणीला गेलात की लघवीचा नमुना द्याच.

शौचानंतर पुढून मागे धुवा. दर तीन-चार तासांनी लघवीला जा. सुनेला, लेकीला 'थांब जरा' म्हणू नका.

राहिला प्रश्न जायचं कुठे याचा. तो एकटीने सुटणार नाही. पुढच्या ग्रामसभेला सगळ्या मिळून जाऊ आणि बाजारतळावर बायकांसाठी दार-कडी आणि पाणी असलेलं शौचालय मागू. मागायला लाज कसली?