विघटनशील प्लास्टिक : साखळी कुठे तुटते?

एस्टर बंध
पॉलिथीनच्या रेणूची लांबलचक साखळी कार्बन-कार्बन बंधांची असते. ती तोडणारी विकरे सूक्ष्मजीवांजवळ जवळजवळ नसल्याने पिशवी कुजत नाही. बहुतेक विघटनशील प्लास्टिकच्या साखळीत मात्र ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतो. तेलातुपाचे रेणूही याच बंधाने जोडलेले असतात आणि तो तोडणारी विकरे निसर्गात विपुल आहेत.

जीवाणूंची शिदोरी
१९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमॉन्य यांना एका जीवाणूत पीएचबी हा एस्टर-बहुवारिक सापडला. प्राणी जशी चरबी साठवतात, तसा जीवाणू हा पदार्थ पेशीत साठवतो. मुळात ते अन्नच असल्यामुळे मातीतले आणि समुद्रातलेही अनेक सूक्ष्मजीव ते फस्त करतात. अडचण किमतीची आहे : खनिज तेलापासूनचे प्लास्टिक फार स्वस्त पडते.

मक्यापासून पीएलए
मक्याच्या स्टार्चपासून साखर, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल (दह्यातले तेच) आणि त्यापासून पीएलए, असा हा क्रम आहे. त्याचे विघटन दोन टप्प्यांत होते. आधी पाणी एस्टर बंध तोडून साखळ्या आखूड करते. या टप्प्यात सूक्ष्मजीवांचा वाटा नगण्य असतो. तुकडे पुरेसे लहान झाले की सूक्ष्मजीव ते पचवतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व जैवभार उरतो. पहिला टप्पा वेगाने होण्यासाठी ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते, कारण त्याखाली पीएलए काचेसारखा ताठ असतो. औद्योगिक खतप्रकल्पात ती मिळते; परसातल्या खड्ड्यात सहसा नाही, समुद्रात तर नाहीच. त्यामुळे ‘कंपोस्टेबल’ पेलाही नाल्यात वर्षानुवर्षे पडून राहू शकतो.

विरघळणारे टाके
शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके हे विघटनशील प्लास्टिकच्या कुळाचे सर्वांत निर्विवाद यश म्हणावे लागेल. ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लांपासून बनलेला हा धागा १९७० च्या दशकापासून वापरात आहे. शरीरात ओलावा आणि ३७ अंश तापमान कायम असते. म्हणून धागा किती दिवसांत विरेल, हे आधीच ठरवता येते.

ऑक्सो-विघटनशील
‘ऑक्सो-विघटनशील’ म्हणवले जाणारे प्लास्टिक खरे तर साधे पॉलिथीनच. त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ऊन आणि ऑक्सिजन यांमुळे त्याचा चुरा होतो, पण चुरा होणे म्हणजे पचणे नव्हे. युरोपीय संघाने २०२१ पासून या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली.

कसोटी आणि वर्गीकरण
ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार औद्योगिक खतप्रक्रियेत सहा महिन्यांत किमान ९० टक्के जैवविघटन व्हावे लागते. ही कसोटी खतप्रकल्पापुरती आहे. तिथपर्यंत नेणाऱ्या वेगळ्या संकलनाची सोय नसेल, तर पीएलएची बाटली हुबेहूब तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पेट (पीईटी) या नेहमीच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत मिसळते आणि त्यांच्या पुनर्वापराचा दर्जा बिघडवते.