दुकान आहे की नुसतीच पाटी?

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, एखादं दुकान आहे की नाही यावर व्याख्यान कशाला? पत्ता घ्यायचा, जायचं, बघायचं. बरोबर आहे. पण तेवढं करायला आम्हाला पाच दिवस लागले आणि मधल्या काळात १८,००० रुपये जाता जाता राहिले. ते पाच दिवस क्रमानं सांगतो, म्हणजे आमचं कुठे चुकत होतं ते तुमच्या लक्षात येईल.

आम्ही म्हणजे पुण्यातला पंधरा-सोळा जणांचा हौशी ट्रेकर्सचा गट. दिवाळीनंतर लिंगाण्याला जायचं ठरत होतं. रायगड आणि तोरणा यांच्या मधला हा सुळका. तिथे दोराशिवाय वर जाता येत नाही. आमचा जुना दोर बाद करायचा होता, शिवाय हार्नेस आणि हेल्मेट हवी होती. अशात एकाच्या मोबाइलवर जाहिरात आली. पुण्यातल्याच एका पेठेतलं खेळाच्या आणि गिर्यारोहणाच्या साहित्याचं दुकान. जागा सोडायची आहे म्हणून सगळा माल जवळजवळ निम्म्या किमतीत. अर्धे पैसे आधी भरायचे आणि दुकानात यायचं नाही, कारण माल गोदामात हलवलाय. माल घरपोच मिळेल.

गटात लगेच दोन तट पडले. निम्मे म्हणाले, ‘पत्ता आहे, फोन आहे, घेऊन टाका.’ निम्मे म्हणाले, ‘हे नाव कधी ऐकलं नाही, फसवणूक आहे.’ आता बघा, दोघांकडेही पुरावा काहीच नव्हता. म्हणून शोधायचं ठरवलं.

सुरुवात फोटोपासून केली. जाहिरातीतलं दुकान झकपक होतं, पण पाटीवर एकही मराठी अक्षर नव्हतं. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव असणं बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला. सगळेच तो पाळतात असं नाही, पण पेठेत इतकं मोठं दुकान आणि पाटी पूर्ण इंग्रजी, हे जरा खटकलं. तोच फोटो आम्ही चित्रावरून शोध घेण्याच्या सोयीत टाकला, तर तो परदेशातल्या एका दुकानाचा निघाला. फसवणूकवाला तट खूश!

मग जाहिरातीतला जीएसटी क्रमांक तपासला. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा कंपनीचा पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता, फुकट, कुणाचाही क्रमांक टाकून बघता येतो. तिथे कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, एवढं समजतं. आम्ही क्रमांक टाकला. नोंदणी चालू, कित्येक वर्षांची जुनी, दुकानाचं नाव तेच, पेठही तीच. आता दुसरा तट खूश!

म्हणजे फोटो खोटा, पण नोंदणी खरी. मग दुकान आहे की नाही? इथे आम्ही दोन दिवस अडकलो. खरं तर आमचा प्रश्नच चुकला होता. ‘दुकान आहे का?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. या नावाचा व्यवसाय नोंदलेला आहे का? तो त्या जागी आज चालू आहे का? आणि माझ्याकडे पैसे मागणारा माणूस त्याच व्यवसायाचा आहे का? जीएसटी पोर्टल पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्याचं उत्तर जागेवर मिळतं. तिसऱ्याचं उत्तर या दोन्हींतून आपोआप मिळत नाही, आणि पैसे बुडतात ते नेमके तिसऱ्यात. कारण जीएसटी क्रमांक गुप्त नसतो. तो प्रत्येक पावतीवर छापलेला असतो. कुणीही उचलावा आणि आपल्या जाहिरातीत चिकटवावा.

तिसऱ्या प्रश्नासाठी एक साधी युक्ती आहे. दुकान एका मालकाचं असेल, तर पोर्टलवर कायदेशीर नाव म्हणून त्या मालकाचं नाव दिसतं. यूपीआयनं पैसे भरताना, पिन टाकण्याआधी, ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव दिसतं. ही दोन नावं शेजारी ठेवा. मालकाचं नाव किंवा दुकानाचं नाव, यातलं एक तरी जुळलं पाहिजे. आम्ही बघितलं तर तिसरंच नाव. फोनवर विचारलं. ‘तो आमचा अकाउंटंट आहे,’ असं उत्तर आलं. तिथेच थांबलो.

पाचव्या दिवशी आमच्यातले दोघे स्कूटरवरून पेठेत गेले. नकाशावरची खूण एका वाड्याच्या भिंतीवर येत होती. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं. त्यानं मान न उचलता सांगितलं, ‘मारुतीच्या पुढं, डाव्या हाताला, निळं शटर.’ आणि दुकान होतं! छोटंसं, मराठी पाटीचं. पुढे क्रिकेटच्या बॅटी, बॅडमिंटनच्या रॅकेट, मागे सॅक आणि दोर. पाटीवर जीएसटी क्रमांक. तो प्रवेशाजवळच्या फलकावर लावणं नोंदणी असलेल्या प्रत्येकाला नियमानं भागच असतं. क्रमांक तोच.

आम्ही जाहिरात दाखवली. गल्ल्यावरचे काका चष्मा वर करून म्हणाले, ‘या आठवड्यात तुम्ही चौथे. मी दुकान सोडत नाहीये, आणि माझी कसली वेबसाइटही नाही.’ आधीचे तिघे पैसे भरून आले होते. एकानं दुकानातच आरडाओरडा केला, दुसऱ्यानं नकाशावर ‘चोर दुकान’ असं लिहून टाकलं. काकांना ते लिहिलेलं वाचताही आलं नव्हतं, शेजारच्या मुलानं दाखवलं. इतक्या वर्षांची पत, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या पापानं चालली होती.

म्हणून दुसरी बाजूही लक्षात ठेवा. इंटरनेटवर काही सापडलं नाही म्हणजे दुकान खोटं, असं होत नाही. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. एका मालकाचं दुकान कंपन्यांच्या सरकारी यादीतही नसतं, कारण ती कंपनीच नसते. आपल्या गावोगावची कितीतरी चांगली दुकानं अशीच आहेत. न सापडणं ही शंका आहे, निकाल नाही. फसवणूक म्हणण्याआधी तिथे जा, किंवा त्या गावातल्या कुणाला तरी पाठवा. आणि जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून जाहिरातीची खात्री करू नका. नंबर दुसरीकडून मिळवा.

काकांना आम्ही सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायला मदत केली. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी तर तिथे ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता आले तर येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. दुकान खरं आहे पण माल खराब निघाला, तर तो ग्राहकाचा वाद. त्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आता तुम्ही म्हणाल, दुकान खरं निघालं, विषय संपला. चपला घ्यायच्या असत्या तर संपला असता. दोरावर माणूस लटकतो. काकांकडचा दोरही आम्ही तपासूनच घेतला. पडणाऱ्याचा झटका झेलणाऱ्या दोराला डायनॅमिक दोर म्हणतात, त्याच्यावर ईएन ८९२ हे मानक लिहिलेलं हवं. हार्नेसवर ईएन १२२७७, गिर्यारोहणाच्या हेल्मेटवर ईएन १२४९२. दोर आणि हार्नेसवर सीईच्या खुणेपुढे चार आकडे, आणि उत्पादनाचं वर्ष. नायलॉन न वापरताही जुना होतो, म्हणून वर्ष बघायचंच. निम्म्या किमतीत घरपोच येणारा, बिल नसलेला दोर कुठून आला, किती वर्षं उन्हात पडला होता, हे कोण सांगणार?

दोर पूर्ण किमतीला घेतला, पक्कं बिल घेतलं. हार्नेस आणि हेल्मेट पुढच्या महिन्यावर गेली, आणि त्यांच्यासोबत लिंगाणाही. जानेवारीत गेलो. निघण्याआधी गटातल्या प्रत्येकानं नकाशावर त्या दुकानाबद्दल खरं काय ते दोन ओळींत लिहिलं, आणि खूण वाड्याच्या भिंतीवरून निळ्या शटरवर आणली. तेही शोधाचंच काम आहे, असं आम्हाला वाटतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.