चेंडू अंगावर बसला तर पहिला बेस

क्रिकेट आपल्या वस्तीवस्तीत पोचले. बेसबॉल मात्र आपल्या मुलांनी फार तर टीव्हीवर पाहिला असेल. त्या अमेरिकन खेळातला एक नियम आम्ही आज मुद्दाम समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

क्रिकेटमध्ये अंगावर चेंडू बसला तर फलंदाजाला भरपाई नाही. उलट पायावर बसला तर पायचीत होण्याची धास्ती! बेसबॉलचा कायदा वेगळा. तेथे पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो आणि तो अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोचतो. फलंदाजाच्या अंगाला, नुसत्या सदऱ्याला जरी तो लागला तरी खेळ तेथेच थांबतो आणि अंपायर फलंदाजाला पहिल्या बेसवर पाठवतो. एरवी तेथे जायला नव्वद फूट जीव तोडून पळावे लागते. तिन्ही बेसवर आपले गडी असतील तर सगळे एकेक बेस पुढे सरकतात आणि संघाला एक धाव मिळते. अटी आहेतच. वाव असेल तर फलंदाजाने चेंडू चुकवण्याचा प्रयत्न केला पाहिजे. बॅट फिरवताना चेंडू लागला तर बेस नाही, तो स्ट्राइक. हाताला लागला म्हणजे बॅटला लागला, असे पुष्कळांना वाटते. पण नियमाने हात हा अंगाचाच भाग.

नॅशनल लीगने हा नियम १८८७ साली घेतला. पण नियमाने डोके वाचत नाही. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या मैदानावर क्लीव्हलँडचे रे चॅपमन यांच्या डोक्यावर चेंडू बसला आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. तरीही हेल्मेट नव्या खेळाडूंना सक्तीचे व्हायला १९७१ साल उजाडले.

आणखी एक नियम होता, तो मात्र कोठेही लिहिलेला नव्हता. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयाने खेळायचे नाही! बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच न्यूयॉर्क शहरात हा अलिखित कायदा चालू होता. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. त्यानंतरच्याच वर्षी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि ती भिंत पडली.

शिवीला शिवीने, मारला माराने उत्तर द्यायचे नाही, असे वचन संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांच्याकडून घेतले होते. आमच्या मते ते वचन फार महागाचे होते. प्रेक्षकांच्या आणि विरोधी खेळाडूंच्या शिव्या ऐकून घ्यायच्या, वर चेंडू अंगावर घ्यायचे. त्या पहिल्याच हंगामात नऊ वेळा त्यांच्या अंगावर चेंडू बसला. ते बॅट घेऊन पिचरवर धावले नाहीत. नियमाने मिळालेल्या बेसवर जाऊन उभे राहिले. आणि बेसवरचे रॉबिन्सन म्हणजे पिचरची झोप उडाली! चेंडू टाकला जात असतानाच पळत सुटून पुढचा बेस गाठायचा, याला तेथे बेस चोरणे म्हणतात. १९४७ साली त्यांनी २९ बेस चोरले. नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी इतके कोणाचेही नव्हते.

क्यूबाचे कृष्णवर्णीय खेळाडू मिनी मिन्योसो प्लेटला अगदी खेटून उभे राहत. अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त वेळा चेंडू अंगावर घेणारा खेळाडू म्हणून दहा हंगाम त्यांचे नाव पहिले होते.

आता खरी मेख. चेंडू चुकून लागला की मुद्दाम मारला, हे ठरवतो अंपायर. मुद्दाम मारला असे त्याला वाटले तर तो पिचरला मैदानाबाहेर काढू शकतो. म्हणजे नियम सर्वांना सारखा, पण तो वाचणारा माणूस कोण? रॉबिन्सन खेळले त्या सगळ्या वर्षांत मोठ्या लीगचा प्रत्येक अंपायर गोरा होता. पहिले कृष्णवर्णीय अंपायर एमेट अ‍ॅशफर्ड तेथे उभे राहिले ते १९६६ साली. तोवर रॉबिन्सन यांनी खेळ सोडून दहा वर्षे होत आली होती.