नाताळच्या भेटी : मुलांनी स्वहस्ते केलेल्या

नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण २५ डिसेंबर रोजी येतो. या सणात आप्तेष्टांस व स्नेह्यांस भेट देण्याची चाल सर्वत्र आहे. भेट दुकानातून आणणे सोपे झाल्यापासून तिचे मोल किमतीवरून होऊ लागले, आणि ज्या मुलाच्या घरी पैसा नाही ते मूल त्या दिवशी रिकाम्या हाताने मागे उभे राहू लागले. म्हणून ज्या भेटी मूल आपल्या हाताने करू शकते, त्यांची माहिती शिक्षकांस असणे अगत्याचे आहे. अशा भेटींपैकी काहींचा जन्म तर शाळेतच झाला आहे.

जर्मनीच्या पूर्व भागात नीस्की नावाचे गाव आहे. तेथे मोराव्हियन पंथाची मुलांची वसतिशाळा होती. १८३० च्या सुमारास या शाळेत भूमितीच्या पाठाला जोडून कागदाची तारका करवून घेण्यास आरंभ झाला, असे सांगतात. या मुलांपैकी अनेकांचे आईवडील धर्मकार्यासाठी दूरदेशी असत. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मुले एकत्र बसून तारका जुळवीत आणि वसतिगृहात दिवा लावून टांगीत. तारकेचा गाभा २६ बाजूंचा, त्यात १८ चौरस व ८ त्रिकोण. एक चौरस दिव्यासाठी मोकळा सोडून उरलेल्या २५ बाजूंवर एकेक निमुळते टोक बसवितात. घनाकृतीच्या बाजू मोजण्याचा कंटाळा करणारी मुले येथे त्या आपणहून मोजतात; कारण एक टोक चुकले की तारका वाकडी लटकते. वसई व गोवा येथील मुले बांबूच्या काड्यांवर पतंगाचा कागद चिकटवून पाचकोनी चांदणी करतात. ती याहून पुष्कळ सोपी असून खालच्या इयत्तांस तीच बरी.

वर्गातील सर्व मुलांस जमेल आणि भेट म्हणून हातात देता येईल अशी वस्तू मात्र डेन्मार्कची आहे. तेथे डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि मुले दिव्याजवळ बसून कागदाची हृदयाकार पिशवी विणतात. आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी पिशवी १८६० सालची असून ती परीकथाकार हान्स ख्रिस्तियान आंदरसन याच्या हातची आहे. चांभाराच्या घरी जन्मलेला हा लेखक ज्यांच्याकडे पाहुणा जाई, त्यांच्या मुलांना गोष्ट सांगता सांगता कात्रीने कागदाची चित्रे कापून देत असे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ही पिशवी डेन्मार्कमध्ये घरोघर पोचली. बालशाळांतून बोटांना वळण लावण्यासाठी ती शिकवीत, त्यामुळे तिचा प्रसार झाला असावा असे मानतात.

कृती अशी. दोन भिन्न रंगांचे, २४ सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद असे दोन कागद घ्यावेत. पतंगाचा कागद फाटतो व लग्नपत्रिकेचा वळत नाही. घोटीव कागद अथवा जुन्या दिनदर्शिकेचे पान उत्तम. प्रत्येक कागद मधोमध दुमडावा, म्हणजे १२ सेंटिमीटरची दुहेरी पट्टी होईल. दुमडीच्या विरुद्ध टोकास अर्धवर्तुळाचा गोल आकार द्यावा. मग दुमडीच्या बाजूने दोन दोन सेंटिमीटरवर तीन सरळ चिरा द्याव्यात. चार पट्ट्या होतील. चिरेची लांबी साडेआठ सेंटिमीटर ठेवावी. रुंदी आठ असताना हा अर्धा सेंटिमीटर वाया गेला असे मुलांस वाटते, परंतु तो नसेल तर शेवटची पट्टी ओढताना कागद फाटतो.

खरी मेख विणण्यात आहे. चटई विणण्याची सवय असलेली मुले पट्टी एकीच्या वरून व दुसरीच्या खालून नेतात. तसे केल्यास हृदय दिसते, पण पिशवी उघडत नाही. प्रत्येक पट्टी दुपदरी आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिल्या कागदाची पहिली पट्टी दुसऱ्या कागदाच्या पहिल्या पट्टीच्या दोन पदरांमधून न्यावी. नंतर तिचे स्वतःचे पदर उघडून त्यांच्यामधून समोरची दुसरी पट्टी घ्यावी. पुन्हा तिसरीच्या आतून, आणि चौथी आपल्या आत. दुसऱ्या पट्टीस याच्या उलट क्रम. ‘तुझ्या पोटात मी, माझ्या पोटात तू’ असे मुलांकडून म्हणवून घेतले तर क्रम चुकत नाही. चारही पट्ट्या झाल्या की पिशवी उघडते. वर कागदाचा बंद चिकटवावा.

पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाचे कागद फाटतील. अशा वेळी मुलाच्या हातून वस्तू घेऊन ती पुरी करून देण्याचा मोह शिक्षकांस होतो. तपासणीच्या आदल्या रात्री गुरुजींनी कंदिलाखाली बसून पूर्ण केलेल्या हस्तकलेच्या वस्तू पूर्वी कित्येक शाळांच्या कपाटांत मांडलेल्या असत; त्या फार सुबक असत आणि मुले त्यांच्याकडे पाहतसुद्धा नसत. वाकडी पिशवी आईच्या हाती देताना जो चेहरा उजळतो तो सरळ पिशवीने उजळेलच असे नाही, जर ती दुसऱ्याने केली असेल. फाटलेल्या कागदाबद्दल दुसरा कागद द्यावा, एवढेच.

पिशवीत काय घालावे याचे उत्तर कोकणपट्टीत तयार आहे. गोव्यात व मंगळूरकडे नाताळच्या फराळास कुसवार म्हणतात. नेवऱ्या, नारळाचा रस, तांदळाचे पीठ व माडाचा गूळ आटवून केलेला दोदोल, आणि कुलकुले हे त्यातले मुख्य पदार्थ. त्यांचे ताट झाकून शेजारी पाठवितात, आणि हिंदू घरांतून दिवाळीत वा चतुर्थीस आलेल्या फराळाची ती परतफेडही असते. कुलकुले वळण्याचे काम मुलांकडे असते. पिठाची लहान गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळली की शंखासारखी नक्षी उठते. तळण मात्र मोठ्यांनी करावे.

तळलेला पदार्थ कागदावर तेलाचा डाग पाडतो. म्हणून पिशवीत आधी सुकविलेल्या पानाचा तुकडा ठेवावा, अथवा भाजलेले शेंगदाणे व मनुका घालाव्यात. डेन्मार्कमध्येही मुले तिच्यात सुका मेवा व लहान बिस्किटेच ठेवतात.