मुदत संपते तेव्हा

आपल्याकडे दान म्हटले की आधी डोळ्यांसमोर येते ती संगमरवरी पाटी. शाळेची खोली, धर्मशाळेची ओवरी, इस्पितळातली खाट. जिथे नाव कोरता येते तिथे पैसा चटकन येतो. गरीब मुलाच्या खानावळीच्या बिलावर नाव कुठे कोरणार?

एका छोट्या न्यासाच्या शिष्यवृत्ती समितीवर मी काही वर्षे आहे. अर्जात मुले फीचा आकडा लिहितात, कारण रकाना फीचाच असतो. समोर बसवून विचारले की कळते, गाडी अडली आहे ती खोलीभाड्यावर, मेसवर आणि एसटीच्या पासवर. शिवाय मदत एका वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा धाकधूक.

मुदतीचा हा काच डॉ. आंबेडकरांनाही चुकला नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. हे ऋण मोठेच. पण लंडनचा अभ्यास अर्धवट असतानाच मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. हे त्यांना जमले. किती जणांना जमेल?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे नेमके ओळखले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या माणसाने पुस्तकाइतकीच भाकरीची काळजी वाहिली. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही.

आज पैसा नाही असे म्हणवत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावले. अनेक वर्षे चालणाऱ्या उपक्रमांनाही त्यात मुभा आहे. तरी बहुतेकांची नजर मार्चअखेरीवर. हिशेब मार्चमध्ये मिटतो, मुलाचे शिक्षण मिटत नाही.

म्हणून समितीत मी एकच हट्ट धरतो: दहा जणांना एकेक वर्ष देण्यापेक्षा तिघांना पदवीपर्यंत पोहोचवा. 'उरलेल्या सातांना काय सांगायचे?' असे सहकारी विचारतात. प्रश्न बोचरा आहे, आणि तो बोचलाच पाहिजे. पण अर्ध्या वाटेवर दहाही जणांचा हात सोडला, तर त्या दहांना काय सांगायचे?